एक ओळ काढली आणि लिंकर अडला

प्रश्न : उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपसाठी सुट्या भागांची मापं नोंदवणारा सी प्रोग्रॅम लिहिलाय. त्यात माझ्याच दोन स्टॅटिक (प्रोग्रॅम बांधतानाच त्यात मिसळणाऱ्या) लायब्रऱ्या आहेत, ‘माप’ आणि ‘नोंद’. मेकफाइलमध्ये (प्रोग्रॅम कसा बांधायचा ते ‘मेक’ला सांगणारी फाइल) ‘एलडीलिब्ज = -एलमाप -एलनोंद -एलएम’ आहे; शेवटची गणिताची लायब्ररी. मेन.सीमधला माप_वाचा() हा कॉल काढला, कारण ते काम आता नोंद_करा() करतं. लगेच ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू माप_वाचा’! लायब्ररी तर जागेवरच आहे.
— वाचक, खानापूर

उत्तर : क्रम आधीपासूनच उलटा होता, त्या कॉलमुळे तो खपून गेला. लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारं साधन, ही ओळ डावीकडून उजवीकडे वाचतो आणि न सापडलेल्या नावांची यादी जवळ ठेवतो. ‘.ए’ फाइल (स्टॅटिक लायब्ररी) आली की त्या क्षणी यादीत असलेली नावं तिच्यातल्या ज्या ‘.ओ’ (कंपाइल झालेल्या, म्हणजे ऑब्जेक्ट) फाइलींत सापडतात तेवढ्याच उचलतो आणि पुढे जातो. मागे वळत नाही. पूर्वी मेन.ओलाच माप_वाचा हवं होतं, म्हणून माप.ओ सुरुवातीलाच आत आली. आता ‘माप’पाशी पोचताना यादीत फक्त नोंद_करा असतं, त्यामुळे तिथलं काहीच घेतलं जात नाही. पुढे नोंद.ओ आत येऊन माप_वाचा मागते, तोवर ‘माप’ मागे पडलेली असते.

तेव्हा मागणारी आधी, पुरवणारी नंतर : -एलनोंद -एलमाप -एलएम. कोण काय मागतं ते ‘एनएम लिबनोंद.ए’ ही आज्ञा दाखवते, नावापुढे ‘यू’ असेल तर ते बाहेरून हवंय, ‘टी’ असेल तर इथेच आहे.

लायब्रऱ्या एलडीफ्लॅग्जमध्ये (मेकफाइलमधली लिंकरच्या पर्यायांची ओळ) मात्र कधीच घालू नका. मेकचा अंगभूत नियम ते फ्लॅग ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी लावतो. उबुंटूवर ‘--ॲज-नीडेड’ (तोवर गरज न पडलेली शेअर्ड लायब्ररी वगळण्याचा पर्याय) मुळातच चालू असल्याने तिथे -एलएमसारखी शेअर्ड, म्हणजे प्रोग्रॅम चालताना जोडली जाणारी, लायब्ररीही गळते.

प्रश्न : दोन स्टॅटिक लायब्रऱ्या एकमेकींनाच मागत असतील तर? मी सीमेक (मेकफाइल वगैरे आपोआप तयार करणारं साधन) वापरतो.
— वाचक, निपाणी

उत्तर : सीमेकच्या ‘टार्गेट_लिंक_लायब्ररीज’मध्ये दोन्ही दिशांची नाती लिहा, लिंकच्या ओळीत त्या लायब्रऱ्या तो स्वतःच पुन्हा घालतो. हाताने लिहायचं तर दोन्ही ‘-डब्ल्यूएल,--स्टार्ट-ग्रुप’ आणि ‘-डब्ल्यूएल,--एंड-ग्रुप’ यांच्या मध्ये ठेवा; नवं काही सापडायचं थांबेपर्यंत लिंकर त्यांच्यातून फेऱ्या मारतो. आमचा आग्रह मात्र दोघींना लागणारी फंक्शन्स तिसऱ्या लायब्ररीत काढण्याचाच राहील.