काडतुसं घरी भरायचं मशीन घेऊ का?

प्रश्न थोडक्यात: निपाणीजवळच्या गावातले 52 वर्षांचे, लष्करातून निवृत्त झालेले हवालदार. लायसन्सची बारा बोर डबल बार आहे, क्लबच्या रेंजवर वर्षाला साधारण 150 बार काढतात. अमेरिकेतले जावई छंद म्हणून घरीच काडतुसं भरतात. तसंच मशीन आणि साहित्य 95,000 रुपयांत मागवायचं, त्यासाठी पतसंस्थेतली ठेव मोडायची, असा बेत आहे. काडतुसामागे 45 रुपये वाचतील. चार मित्रांनाही भरून दिली तर मशीन लवकर फिटेल.

उत्तर: हवालदारसाहेब, ठेव मोडू नका. आणि जावईबापूंना आजच फोन करून सांगा, काहीही पाठवू नका.

शस्त्र कायदा 1959 मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दात काडतुसाचे सुटे भाग येतात आणि ते बनवायचं यंत्रही येतं. म्हणजे एक काडतूसही न भरता, नुसतं पार्सल परवान्याशिवाय कस्टममध्ये उतरलं तरी तुम्ही अडकाल. तुमचं लायसन्स बंदूक बाळगायचं आणि ठरलेल्या संख्येत काडतुसं विकत घ्यायचं आहे. बनवायला कलम 5 खाली वेगळा परवाना लागतो. तो नसताना बनवल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. मित्रांना भरून देणं त्याच कलमात बसतं. इतकी वर्षं गणवेशात काढलेल्या माणसावर ही वेळ येऊ नये, म्हणून एवढं स्पष्ट लिहितोय.

पेन्शनचंही बघा. ती पुढच्या चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर मिळते. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर रोखली जाऊ शकते. घरात बारूद साठवलेली असताना आग लागली, तर विम्याचा दावा मान्य होईल अशी आशा धरू नका.

आता हिशेब, तुमच्याच आकड्यांवर. 150 गुणिले 45, वर्षाला 6,750 रुपये. मशीन फिटायला चौदा वर्षं. उलट निवृत्त सैनिकांना पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना पन्नाशीपासूनच खुली आहे. 8.2 टक्के धरले तर 95,000 वर वर्षाला 7,790 रुपये व्याज. तुमच्या बचतीपेक्षा नुसतं व्याजच जास्त! जावईबापूंना हा छंद परवडतो, कारण तिथे कायद्याने मोकळीक आहे आणि आठवड्याला शेकड्याने गोळ्या झाडणारे लोक काडतुसांची रिकामी पितळी टरफलं पुन्हापुन्हा भरतात. तिथेही बारूद दुप्पट पडली तर नळी फुटू शकते.

हाताला बारीक काम हवं, हे मला मनापासून पटतं. .177 बोरची, 20 जूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल (हवेच्या दाबाने छर्रा सोडणारी) घ्या. तिला लायसन्स लागत नाही. तंबाखूच्या रिकाम्या वखारीत, मागे भक्कम भिंत बघून दहा मीटर मोजा. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो गाठायला श्वास आणि बोट किती सांभाळावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेमबाज स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं ते .22 रायफलवर, आणि तिची रिमफायर काडतुसं (पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असलेली) घरी भरायची नसतातच.

ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज कापलं जाईल. मुदत पुरी होऊ द्या. मग 20,000 रायफल आणि छर्ऱ्यांना ठेवा, 75,000 पोस्टात टाका आणि नॉमिनी म्हणून वहिनींचं नाव लावा.