लेथवेमध्ये तुन तुन मिन इतका मोठा का मानला जातो?

म्यानमारच्या लेथवे या मुष्टियुद्धात हातमोजे नसतात, मुठींवर केवळ कापडी पट्ट्या गुंडाळलेल्या असतात आणि कोपर-गुडघ्यांबरोबर डोक्याची धडकही वैध असते. पारंपरिक नियमांत गुण नाहीत; पाच फेऱ्यांत कोणी बाद झाला नाही, तर लढत अनिर्णित ठरते. त्यामुळे इथल्या विजेत्याला निव्वळ विजयांच्या आकड्यावर तोलणे मला अन्यायाचे वाटते. म्यानमारचा लढवय्या तुन तुन मिन याच्याकडे खुल्या वजनगटाचे अजिंक्यपद होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये कॅनडाच्या डेव्ह लेडुकशी त्याची लढत बरोबरीत सुटली. ११ डिसेंबरला यांगूनच्या थेन फ्यू स्टेडियममध्ये मात्र तो लेडुककडून हरला आणि हा मान प्रथमच परदेशी खेळाडूकडे गेला. तरीही २०१७ मध्ये तो पुन्हा त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर उभा राहिला.