वाचक विचारतात : लोकल डेड एंडला थांबलीच नाही तर?

प्रश्न : नमस्कार, मी रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला येतो. चर्चगेटला मागे एकदा लोकल सरळ प्लॅटफॉर्मवर चढली होती ना, तेव्हापासून डेड एंडला, म्हणजे रूळ संपतात तिथे, ते बफर दिसले की मनात येतं, हे दोन दांडे बारा डब्यांची गाडी थांबवणार? का नुसते शोभेला ठेवलेत?

उत्तर : शोभेला नाहीत हो, पण तुम्हाला वाटतं तेवढी त्यांची ताकदही नाही. चर्चगेटचं ते प्रकरण २८ जून २०१५ चं. भाईंदरहून आलेली लोकल तीन नंबरला थांबायच्या ऐवजी बफर उडवून वर चढली. पाच जण जखमी झाले, आणि रविवार होता म्हणून एवढ्यावर निभावलं, सोमवारी पीक अवरला असं झालं असतं तर काय झालं असतं बोलायलाच नको.

हायड्रॉलिक बफरमध्ये दट्ट्या असतो आणि आत तेल. गाडी टेकली की दट्ट्या आत जातो, तेल बारीक भोकातून जोरात ढकललं जातं आणि गाडीचा जोर त्यात जिरतो. हे सगळं व्हायला जागा मिळते फार तर मीटर-दोन मीटर. आता गंमत अशी की स्पीड दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. म्हणजे ताशी १० किलोमीटरच्या स्पीडला गाडी येऊन टेकली तर लोक धडपडतील, कुणाचं डोकं दांड्याला आपटेल, पण बफर सांभाळून घेईल. तीच गाडी ३० ने आली तर त्याच बफरला नऊपट जोर झेलायचाय, तो कुठून झेलणार? काही देशांत आता घसरणारे बफर बसवतात, ते रुळांना आवळलेले असतात आणि गाडीबरोबर घासत मागे जातात, त्यामुळे थांबायला जास्त अंतर मिळतं. पण त्यासाठी मागे मोकळी जागा पाहिजे, जुन्या स्टेशनात ती आणणार कुठून, मागे लगेच हॉल आणि स्टॉल.

व्हॉट्सअ‍ॅपवर तो जुना फोटो तुम्ही पाहिला असेल, स्टेशनची भिंत फोडून इंजिन नाकावर रस्त्यात उभं आहे तो. ते पॅरिसचं मोंपार्नास स्टेशन, २२ ऑक्टोबर १८९५. गाडी लेट होती, ड्रायव्हर वेळ भरून काढायला जोरात आत आला आणि ब्रेकने दगा दिला. गाडीतले सगळे वाचले, गेली ती खाली रस्त्यावर असलेली एक बाई. तेव्हाही बफर होतेच की.

थोडक्यात काय, गाडी थांबायची ती बफरच्या आधीच, बफर हा शेवटचा टेकू.

प्रश्न : पण मोटरमनलाच चक्कर आली किंवा डुलकी लागली तर? त्याच्यासाठी काही सोय असते का? (नालासोपारा)

उत्तर : असते, डेडमॅन हँडल. मोटरमनने ते दाबून धरायचं, हात सुटला की ब्रेक लागतो. कल्पना चांगली आहे, पण माणूस कोसळला तरच कामाची. २८ फेब्रुवारी १९७५ ला लंडनच्या मूरगेट स्टेशनात ट्यूब ट्रेन स्पीड कमी न करता पुढे बंद असलेल्या बोगद्याच्या भिंतीवर जाऊन आदळली, ४३ माणसं गेली. पाहणाऱ्यांनी सांगितलं की ड्रायव्हर सीटवर ताठ बसलेला होता. हात हँडलवरच. त्याने ब्रेक का लावला नाही हे कधीच कळलं नाही.

आणि आपल्याकडचा नमुना ऐका, सप्टेंबर २०२३, मथुरा. प्रवासी उतरलेले, ईएमयू (आपल्या लोकलसारखी विजेवरची गाडी) उभी, एक कर्मचारी मोबाईलवर बघत केबिनमध्ये शिरला आणि बॅग ठेवली ती नेमकी थ्रॉटलवर, म्हणजे गाडी पळवायच्या दांड्यावर, गाडी चढली प्लॅटफॉर्मवर! सीसीटीव्हीत सगळं आलं. कोणी दगावलं नाही हे नशीब.

मूरगेटनंतर लंडनवाल्यांनी जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. ड्रायव्हर शुद्धीत आहे का, झोपलाय का, ही भानगडच ठेवली नाही. टर्मिनसच्या आधी रुळाजवळ एक दांडा वर उभा असतो, गाडी जवळ येऊ लागली की तो ठरावीक वेळानंतर खाली जातो. गाडी हळू आली तर ती पोचेपर्यंत दांडा खाली गेलेला असतो. जोरात आली तर दांडा अजून वरच, तो गाडीखालच्या खटक्याला लागतो आणि ब्रेक लागतो, ड्रायव्हरला विचारायचं कामच नाही. आपल्या लोकलला एडब्ल्यूएस आहे, लाल सिग्नल ओलांडला की ब्रेक लावणारी, पण ती असूनही २०१५ झालंच. आता कवच नावाची नवी यंत्रणा बसवायचं काम चाललंय, ते सिग्नलबरोबर स्पीडवरही लक्ष ठेवतं. माझं मत विचाराल तर डेड एंडच्या आधीचे शेवटचे दोन-तीनशे मीटर माणसाच्या भरवशावर सोडूच नयेत.

प्रश्न : मग सीएसएमटी एंडच्या पहिल्या डब्यात चढायचं की नाही? (ठाणे)

उत्तर : चढा हो. मुंबईत दरवर्षी रूळ ओलांडताना, गाडीतून पडून वगैरे दोन हजारांच्या वर माणसं जातात, त्यापुढे टर्मिनसचा अपघात फारच क्वचित होतो. पण ब्युनोस आयर्सला २२ फेब्रुवारी २०१२ ला ओन्से स्टेशनात काय झालं ते सांगतो. गाडी बफरला लागली फक्त २६ च्या स्पीडने, तरी ५१ जण गेले. लोकांना पटकन बाहेर पडायचं होतं म्हणून सगळे पुढच्या डब्यांत येऊन उभे होते, आणि दुसरा डबा पहिल्यात घुसला. आपलंही तेच आहे, मशीद बंदर गेलं की अख्खा डबा उठून दाराकडे सरकतो. तेव्हा बसायला मिळालं असेल तर गाडी थांबेपर्यंत उठू नका, उभे असाल तर वरची कडी धरा, नुसतं दुसऱ्याच्या पाठीवर टेकून राहू नका. आणि संध्याकाळी विंडो सीटसाठी चालत्या गाडीत उड्या मारणारे जे असतात ना, त्यांच्या वाटेत तर अजिबात येऊ नका.