मुंबईच्या फ्लॅटमध्ये नवीन कासव: हीट लॅम्प किती वेळ लावायचा आणि खायला काय द्यायचं?

तुम्ही लिहिलंय की कांदिवलीला सातव्या मजल्यावर राहता, मुलीने हट्ट धरला म्हणून हाताच्या पंजाएवढं जमिनीवरचं कासव घेतलं, दुकानदाराने ‘हीट लॅम्प दिवसरात्र चालू ठेवा आणि कोबी, काकडी, टोमॅटो द्या’ असं सांगितलं आणि आता ते काही खात नाहीये. आज रात्री लॅम्प बंद करा, बाकीचं सावकाश वाचा. कासवाला रात्री काळोख लागतो. डोक्यावर सतत दिवा असला की त्याला झोप मिळत नाही आणि अंगातलं पाणी आटत जातं.

त्याआधी ते नेमकं कोणतं कासव आहे ते बघून घ्या. काळपट पाठीवरच्या प्रत्येक उंचवट्यावर मध्यभागी पिवळा ठिपका आणि त्यातून चहूबाजूंना निघालेल्या पिवळ्या रेघा असतील, तर ते आपलं भारतीय स्टार कासव आहे. ‘लकी’ म्हणून सर्रास विकतात, पण 2022 च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं सगळाच गुन्हा, आणि शिक्षा किमान 3 वर्षांची कैद. तसं असेल तर वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करून ते त्यांच्या ताब्यात द्या. दुकानात परत नेऊ नका, आणि बोरिवलीच्या जंगलात तर मुळीच सोडू नका. तो त्याचा मुलूख नाही, शिवाय पाळलेल्या जनावराचे रोग तिथल्या प्राण्यांना लागतात.

पाठ मातकट पिवळी, रेघा नाहीत आणि मागच्या मांड्यांवर टोकदार काटे असतील तर ते आफ्रिकेतलं सल्काटा. आमच्याकडे मुलुंडला तेच आहे. पुढचं सगळं सल्काटा धरून लिहिते. काळ्या पाठीचं, पायांवर लाल खवले असलेलं रेडफूट असेल तर त्याला दमटपणा जास्त लागतो आणि थोडं फळही चालतं. आणि बोटांमध्ये पडदे असतील तर ते पाण्यातलं कासव. त्याची व्यवस्था पूर्ण वेगळी, ते कोरड्या पेटीत ठेवू नका.

आता लॅम्प. लोक उष्णतेच्या मागे लागतात, पण मुंबईत कासवाला उष्णता सहसा कमी पडत नाही, ऊन कमी पडतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हीट लॅम्प फक्त गरम करतो. उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागत नाही. मग कवच मऊ पडतं, पाय वाकडे होतात. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत, त्यामुळे काचेच्या टाकीत घालून खिडकीशी ठेवलेलं कासव ऊन खात नसतं, नुसतं भाजून निघत असतं. उथळ टबात घालून सकाळी गॅलरीत अर्धा तास थेट ऊन द्या. टबाचा अर्धा भाग फळीने झाका म्हणजे नको वाटलं की ते सावलीत जाईल. तुम्ही तिथेच बसा, कारण कावळा आणि घार सातव्या मजल्यावरही येतात.

गॅलरीत ऊनच येत नसेल, आणि पावसाळ्याचे चार महिने तर सगळ्यांसाठीच, यूव्हीबी ट्यूब घ्यावी लागते. खर्च तिच्यावर करा. ट्यूब आणि कासव यांच्यामध्ये काच किंवा प्लास्टिक नको, अंतर खोक्यावर लिहिलेलं असतं तेवढंच ठेवा. ती दिसायला वर्षानुवर्षं पेटते, पण किरण सहा महिने ते वर्षभरात कमी होतात, म्हणून आणल्याची तारीख ट्यूबच्या पट्टीवर लिहून ठेवा.

गरम करायला महागडा लॅम्प लागत नाही. लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात हॅलोजन किंवा जुना पिवळा बल्ब मिळतो तो चालतो. एलईडीला पुरेशी ऊब नसते. होल्डर मात्र चिनी मातीचाच घ्या, प्लास्टिकचा वितळतो. बल्ब पेटीच्या एकाच टोकाला, वरून लावा आणि कासवाच्या पाठीच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून बघा: दिव्याखाली 32 ते 35 अंश, दुसऱ्या टोकाला 25 ते 27. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कासव स्वतः हलून आपलं तापमान राखतं. पेटी सगळीकडून सारखीच तापली तर त्याला जायला जागा राहत नाही. एप्रिल-मेमध्ये खोलीच 33 अंशांवर जाते, तेव्हा दिवसाही बल्ब लावू नका. बल्बची खरी गरज जानेवारीत, पावसाळी गारव्यात आणि तुम्ही एसी लावून झोपत असाल तर त्या खोलीत. एसीच्या खोलीतून त्याला बाहेर काढलंत तर सगळ्यात उत्तम. खालून तापणारे दगड आणि पॅड नकोत, पोट भाजतं आणि त्याला कळतही नाही.

खाण्याबद्दल दुकानदाराने दिलेला सल्ला मला अजिबात पटत नाही. काकडी आणि टोमॅटो म्हणजे नुसतं पाणी, आणि रोज कोबी दिला तर थायरॉइडला त्रास होतो. सल्काटा गवतावर जगणारं जनावर आहे. देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बायकांकडे हिरव्या गवताची पेंडी मिळते. ती धुवून, बारीक कापून द्या, हा मुख्य आहार. त्याच्या जोडीला दूर्वा, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, काटे काढलेला फड्या निवडुंग आणि शेवग्याचा पाला. शेवग्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि आपल्याकडे भाजीवालीकडे सहज मिळतो. सोसायटीच्या बागेतलं काही तोडणार असाल तर आधी माळ्याला फवारणीचं विचारा. पालक आणि माठ क्वचितच, कारण त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला अडवतं. फळं, डाळ, भात, पोळी, दूध, कुत्र्याचं खाणं यातलं काहीही नको. कॅल्शियमसाठी पेटीत समुद्रफेनाचा (माकुलाच्या अंगातल्या पांढऱ्या हाडाचा) तुकडा ठेवा, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. हवं तेव्हा ते कुरतडतं.

आणि पाणी. पिल्लाला रोज सकाळी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, पाणी हनुवटीच्या खाली राहील एवढंच. पाण्यातच ते पितं आणि शीही करतं. तेव्हा पाण्यात एक पांढरा पदार्थ येतो तो बोटाने चोळून बघा. मऊ असेल तर ठीक, रव्यासारखा कणीदार लागला तर अंगात पाणी कमी आहे. पाठीवर डोंगरासारखे उंचवटे येतात त्याला पूर्वी जास्त प्रथिनं जबाबदार धरत; सल्काटाच्या पिल्लांवर 2003 साली झालेल्या अभ्यासात कोरड्या हवेचा वाटा त्याहून मोठा दिसला. दिवसरात्र चालणारा दिवा हवा कोरडीच करतो.

नवीन जागी आल्यावर काही दिवस न खाणं नेहमीचं आहे. लपायला एक खोका द्या, मुलीला हाताळू देऊ नका, आणि आंघोळीनंतर जास्वंदीचं लाल फूल समोर ठेवा; रंगाला ते पटकन येतं. पण नाकातून पाणी, तोंड उघडून श्वास, खोल गेलेले डोळे किंवा अंगठ्याने दाबल्यावर दबणारं कवच यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला फोन करून सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर कधी असतात ते विचारा आणि मगच जा. लक्षणं नसली तरी आठवड्याभरात खाल्लं नाही तर जाच, आणि ताजी शी डबीत घालून न्या, जंत तपासता येतात.

सल्काटा असेल तर परदेशी प्रजातींची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या वेबसाइटवर करावी लागते. दुकानदाराकडून पावती आजच मागून घ्या. आणि घरच्यांशी एकदा नीट बोला. हे पिल्लू वाढून 40 किलोच्या पुढे जाऊ शकतं आणि 70 वर्षं जगू शकतं. आम्ही तळमजल्यावर राहतो, मागे अंगण आहे, तरी जागा अपुरी वाटायला लागली आहे. तुम्हाला सातव्या मजल्यावर ते झेपणार नसेल तर वनखात्याकडे किंवा प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेकडे आत्ताच चौकशी करा, पिल्लाला जागा मिळणं तुलनेने सोपं असतं.