वाचकांचे प्रश्न : अकरा माणसांचं घर, आठ जणांचा खेळ

या वेळी ‘द सिम्स’ (‘सिम’ नावाच्या माणसांचा घर-संसार चालवायचा संगणक-खेळ) आणि त्याच्या भाऊबंदांवरची पत्रं एकत्र घेतली आहेत. नाशिक आणि आसपासहून आलेल्या या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते: फर्निचर, केस, कपडे झकास, पण माणसं पोकळ.

प्रश्न : सिम्स ४ मध्ये जुन्या नाशकातल्यासारखा चौकाचा वाडा बांधलाय. आजी-आजोबा, दोन काका-काकू आणि मुलं धरून अकरा माणसं ठेवायची आहेत. खेळ आठच्या पुढे जाऊ देत नाही. काय करावं? (पंचवटी)

एका कुटुंबात आठच सिम, ही मर्यादा खेळातच पक्की बसवलेली आहे. ‘एमसी कमांड सेंटर’ या मॉडने (चाहत्यांनी बनवलेल्या, खेळात बदल करणाऱ्या फाइलने) ती वाढवता येते. पण कुटुंबाची मांडणी करायचे स्क्रीन आठच्याच हिशोबाने बनवलेले आहेत, त्यामुळे नववा माणूस आला की ते गोंधळतात. त्यापेक्षा ‘फॉर रेंट’ हा विकतचा जोड-पॅक असेल तर वाडा वाटून घ्या, म्हणजे कागदोपत्री वाटणी आणि चूल एकच.

लॉटचा (घराच्या जागेचा) प्रकार बदलून भाड्याचं निवासस्थान करा. एका लॉटवर सहा युनिट (बिऱ्हाडं) मावतात, तुम्हाला दोनच लागतील. पहिल्या युनिटमध्ये आजी-आजोबांसकट सहा माणसं, दुसऱ्यात पाच. चौक, ओसरी, स्वयंपाकघर आणि जेवणाचं लांब टेबल कुठल्याच युनिटला जोडू नका, ते सामायिक राहू द्या. झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघरं मात्र ज्याची त्याला द्या, नाहीतर सकाळी सामायिक नळापाशी जी रांग लागेल ती खऱ्या वाड्याला लाजवेल. युनिट वाटताना एखादा बोळ किंवा जिना चुकून एका बिऱ्हाडात गेला, तर दुसऱ्या घरातली माणसं दारातच अडकतात. चुका इथेच होतात, म्हणून रंगवलेला नकाशा एकदा नीट पाहा.

अडचण एकच. एका वेळी एकच कुटुंब तुमच्या हुकमात असतं. दुसऱ्या बिऱ्हाडाला जेवायला बोलवावं लागतं, शिवाय त्यांचे निर्णय ‘नेबरहूड स्टोरीज’ ही खेळातली आपोआप चालणारी सोय घेते. तुम्ही पाहत नसताना काकांनी नोकरी सोडली किंवा मूल दत्तक घेतलं असं होऊ नये, म्हणून त्या कुटुंबापुरते हे पर्याय बंद करून ठेवा. ‘फॉर रेंट’ आल्यावर सेव्ह (जतन केलेला खेळ) बिघडल्याच्या तक्रारी खूप झाल्या होत्या आणि ईएला, म्हणजे खेळ काढणाऱ्या कंपनीला, त्यावर दुरुस्त्या काढाव्या लागल्या. म्हणून वाड्याचं काम नव्या नावाच्या सेव्हमध्ये करा.

पुढच्या खेळाकडून मागायचं ते हेच: अकरा माणसं, एक चूल. आणि नात्यांची नावंही. सिम्सला काका आणि मामा एकच, आत्या आणि मावशीही एकच. वंशावळ खेळाकडे आधीच असते. आईचा भाऊ की वडिलांचा, एवढंच बघायचं असतं, पण त्यासाठी भाषांतराच्या फायलीत वेगळी जागा ठेवावी लागते आणि ती कोणी ठेवत नाही.

प्रश्न : सिमला पैठणी नेसवायची आहे. कुठल्याही ड्रेसवर पैठणीचा फोटो चिकटवला तर चालेल का? (येवला)

येवल्याहून हा प्रश्न येणारच होता! सहावारीसाठी एका मर्यादेपर्यंत चालेल, नऊवारीला नाही.

‘सिम्स ४ स्टुडिओ’ हे फुकट साधन घ्या. घट्ट चोळी आणि पायघोळ घेर असलेला खेळातलाच एखादा पोशाख निवडून त्याचा स्वतंत्र रीकलर (रंग बदललेली प्रत) बनवा. टेक्श्चर (पोशाखावर गुंडाळलेलं चित्र) बाहेर काढा, जिंप या चित्रं रंगवायच्या साधनात उघडा आणि काठ, बुट्टे, पदराचा मोर वेगवेगळ्या लेयरवर रंगवा. संपूर्ण फोटो ताणून चिकटवलात तर शिवणीपाशी मोर अर्धा तुटतो, कारण पुढची आणि मागची बाजू टेक्श्चरवर दूर दूर पसरलेली असते. जरीची नक्षी नुसती पिवळी रंगवली तर हळद लावल्यासारखी दिसते. तिची चमक स्पेक्युलर नकाशातून, म्हणजे कुठला भाग किती चकाकेल ते ठरवणाऱ्या चित्रातून, येते. तोही बाहेर काढा आणि फक्त काठ व पदराच्या जागा उजळ करा.

नऊवारीत काष्टा दोन पाय वेगळे करतो. रीकलर रंग बदलतो, आकार नाही. म्हणून स्कर्टऐवजी सैल पायजम्यासारख्या पूर्ण पोशाखाचा मेश (थ्रीडी आकार) घ्या आणि ब्लेंडर या थ्रीडी साधनात निऱ्या, काष्टा आणि पदर जोडा. मूळ मेशवरून वेट (कुठला बिंदू कुठल्या हाडाबरोबर किती हलेल ते आकडे) आणताना पदराचे बिंदू हाताच्या हाडाला चिकटतात आणि सिमने हात वर केला की पदर छत्रीसारखा उघडतो. ते बिंदू हाताने काढून छाती आणि पाठीच्या हाडांना द्या. शेवटी चारही एलओडी (कॅमेऱ्याच्या अंतरानुसार दिसणाऱ्या आकाराच्या प्रती) भरा. फक्त पहिला भरलात, तर जवळून नऊवारी आणि कॅमेरा लांब नेला की मूळ पायजमा, असा चमत्कार होतो.

प्रश्न : अपडेट आल्यापासून घड्याळ अडकतं, माणसं नुसती उभी राहतात. दोनशेच्या आसपास मॉड आहेत. कुठला खराब ते कसं कळणार? (सिडको)

आधी सेव्ह्जच्या फोल्डरची प्रत बाजूला ठेवा आणि शोध संपेपर्यंत मूळ सेव्ह उघडू नका. मॉड नसताना सेव्ह केलं की त्या मॉडच्या वस्तू आणि कपडे घरातून कायमचे जातात.

मॉड्सचं फोल्डर डेस्कटॉपवर न्या, ‘लोकल थंब कॅश’ ही तात्पुरत्या साठ्याची फाइल उडवा आणि नवीन कुटुंब घेऊन खेळून पाहा. तरीही अडकलं तर दोष मॉडचा नाही. ईए ॲपमधून खेळ दुरुस्त करून घ्या. अडकलं नाही तर निम्मे मॉड परत टाका, खेळ चालवा. बिघाड दिसला तर दोषी त्या निम्म्यात, नाहीतर उरलेल्यात. मग त्या अर्ध्याचे अर्धे. दोनशे फायली असल्या तरी आठ फेऱ्यांत एक फाइल हाती लागते. दर फेरीला ती कॅश फाइल पुन्हा उडवायची.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. अपडेटनंतर खेळ मॉड आपोआप बंद करतो, सेटिंगमध्ये स्क्रिप्ट मॉडचा (ज्यात प्रोग्राम असतो अशा मॉडचा) पर्याय वेगळा चालू करावा लागतो. आणि स्क्रिप्ट फाइल मॉड्समध्ये एकाच उपफोल्डरपर्यंत वाचली जाते. तिला ‘चांगले मॉड’, त्यात ‘नवीन’, त्यात ‘बघायचे’ अशा घडीत ठेवलं तर ती चालतच नाही आणि मॉडकर्त्याला उगाच शिव्या बसतात.

प्रश्न : आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. इन्झॉय चालेल का? (देवळाली कॅम्प)

नाही. क्राफ्टन कंपनीचा हा सिम्ससारखा खेळ अनरियल इंजिन ५ या भारी ग्राफिक्सच्या पायावर आहे. २८ मार्च २०२५ ला अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आला तेव्हा किमान बारा जीबी रॅम आणि आरटीएक्स २०६० च्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड सांगितलं होतं. तुमच्या यंत्रावर सिम्स ४ लॅपटॉप मोडमध्ये (कमी ताकदीच्या यंत्रासाठीच्या सेटिंगमध्ये) खेळा. त्याचा मूळ खेळ ऑक्टोबर २०२२ पासून मोफत आहे. पुढे नवं यंत्र घेतलंत तर इन्झॉय स्टीम या ऑनलाइन दुकानातून घ्या; तिथे चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. मात्र चेहरा घडवण्यात घालवलेला वेळही त्या दोन तासांत मोजला जातो. नाक-डोळे नंतर करा, आधी शहरात चालून बघा.

प्रश्न : सगळे सिम एकसारखेच का वागतात? एआय आल्यावर हे सुधारेल का? (गंगापूर रोड)

सुधारू शकतं, पण बोलघेवडेपणाने नाही. २००० सालच्या पहिल्या सिम्समध्ये युक्ती अशी होती की अक्कल माणसात नाही, वस्तूत. फ्रिज सतत ‘माझ्याकडे भूक भागेल’ अशी जाहिरात करतो, पलंग झोपेची, टीव्ही करमणुकीची. सिम स्वतःच्या गरजा आणि अंतर बघून प्रत्येक जाहिरातीला गुण देतो आणि वरच्या काहींतून एक निवडतो. यंत्रं साधी होती, युक्ती भन्नाट. तोटा असा की खोली तीच, गरजा त्याच, तर कवी आणि कारकून दोघेही त्याच फ्रिजकडे जाणार. स्वभावाचे गुण या गुणाकाराला थोडा धक्का देतात, इतकंच.

इन्झॉयच्या ‘स्मार्ट झोई’त (झोई म्हणजे त्यातली पात्रं) एक छोटं भाषा-मॉडेल (मजकूर लिहिणारा एआय) तुमच्याच एनव्हिडिया कार्डावर चालतं आणि पात्राचा दिवस कसा जावा ते ठरवतं. पात्राच्या मनातलं वाचायला मजा येते. पण विचार छान लिहिला म्हणून वागणं बदलतं असं नाही.

खरी उणीव आठवणींची. सिम्स २ मध्ये आठवणींची यादी तरी होती. सिम्स ४ मध्ये नोव्हेंबर २०२० ला सेंटिमेंट्स (एकमेकांबद्दलच्या टिकाऊ भावना) आली, पण त्यातली बरीचशी काही दिवसांत विरतात. समजा, रविवारी मिसळीच्या दुकानात दोन भावांचं भांडण झालं. कोण, कुठे, कशावरून, एवढं टिपलं आणि पुढे त्या दुकानाच्या जाहिरातीचे गुण त्या दोघांपुरते कमी केले, तर धाकटा आपोआप दुसरीकडे मिसळ खाईल आणि का ते तुम्हाला कळेल. याला भाषा-मॉडेल लागत नाही. माणशी वीस-पंचवीस ठळक नोंदी आणि जुन्या नोंदी एकत्र गुंडाळायचा नियम पुरे. मात्र हे दाखवायच्या व्हिडिओत दिसत नाही, म्हणून आधी केसच चमकतात.

प्रश्न : पाचवा भाग काढायचा सोडून पॅकवर पॅक. आमच्या तक्रारी कोणी ऐकतं का? (नाशिक रोड)

ऐकतात, सावकाश. २०१४ ला सिम्स ४ तरणतलाव आणि लहानग्यांशिवाय आला. तलाव त्याच नोव्हेंबरात आले, लहानगे थेट जानेवारी २०१७ मध्ये. त्वचेच्या रंगछटांवरून झालेल्या टीकेनंतर डिसेंबर २०२० मध्ये शंभरावर छटा वाढल्या. पाचवा आकडा मात्र विसरा. चौथ्याची जागा घेणारा खेळ नाही, असं ईएने २०२४ मध्ये सांगून टाकलंय. तुमचे विकत घेतलेले पॅक वाया जात नाहीत हे खरं, पण जुन्या इंजिनाची मर्यादाही तशीच राहते. स्पर्धेवरही फार विसंबू नका. पॅराडॉक्स कंपनीने ‘लाइफ बाय यू’ हा असाच खेळ जून २०२४ मध्ये गुंडाळला. ‘पॅरालाइव्हज’ या आणखी एका अशाच खेळाच्या कर्त्यांनी विकतचे पॅक काढणार नाही असं म्हटलंय, हे धोरण मात्र इतरांनी उचलण्यासारखं आहे.

तक्रार लिहिताना ‘खेळ भंगार झालाय’ एवढंच लिहिलं तर ती कचऱ्यात. खेळाची आवृत्ती, मॉड काढून पाहिलं का, बिघाडापर्यंतच्या पायऱ्या क्रमाने आणि दहापैकी किती वेळा होतं ते लिहा. मागणी असेल तर एका पत्रात एकच. ‘आईच्या भावाला आणि वडिलांच्या भावाला वेगळं नाव देता यावं’ ही मागणी वाचून प्रोग्रामरला उद्या काय करायचं ते कळतं. ‘भारतीय संस्कृती हवी’ असं लिहिलंत तर तो एक दिवा आणि दोन गालिचे देऊन मोकळा होईल.