मावशी, माझाच विश्वास कमी पडला का?

वसईहून एका मुलीचं पत्र आलंय, लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. तिच्या आईला दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. लेकीने नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) केल्या, तमिळनाडूतल्या वेलंकनीला जाऊन आली, बांद्र्याच्या मोतमाऊलीला मेणाचा हात वाहिला. फरक काही नाही. प्रार्थना ग्रुपच्या बायका दर शुक्रवारी घरी येतात, त्यातली एक म्हणाली की घरात कुणाचं तरी पाप नडतंय नाहीतर तुझा विश्वास कमी पडतोय. फादर आले, "देवाची इच्छा, दुःख येशूला अर्पण कर" म्हणाले आणि दहा मिनिटांत गेले. आता रोझरी हातात घेतली की हिला राग येतो. आईच्या डाव्या हातात माळ देते, ती घसरते, परत देते, आईचे ओठ 'नमो मरिया'ला हलतात आणि ही नुसती ओठ हलवल्याचं नाटक करते. चर्चमध्ये मिसाला जाते पण कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घेत नाही. विचारते, मावशी मी ढोंगी झालेय का?

अगं पोरी, नाही. आधी त्या पापाच्या गोष्टीचा निकाल लावू कारण तीच तुला जास्त खातेय असं दिसतंय. जन्मापासून आंधळ्या माणसाला बघून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं ना, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापाने? येशू म्हणाला, याने पण नाही आणि त्यांनी पण नाही. बायबलमधला योहानाचा नववा अध्याय काढून वाच, आणि पुढच्या वेळी त्या बाईंनाच मोठ्याने वाचायला लाव (मी असते तर लावलं असतं!). आणि बायबलमधला तो सगळं गमावलेला ईयोब, त्याचे मित्र बघ. ते पण चांगल्या मनानेच आले होते, सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले, तोपर्यंत सगळं बरोबर होतं, मग तोंड उघडलं आणि तू काहीतरी केलं असशील म्हणून सुरू झाले. शेवटी देव चिडला तो त्यांच्यावर. इतके अध्याय देवाशी भांडला तो ईयोब, पण देव त्या मित्रांनाच सांगतो की माझ्याबद्दल नीट बोलला तो हा, तुम्ही नाही.

म्हणजे राग आला की प्रार्थना संपली हे तुला कोणी शिकवलं मला कळत नाही. बायबलमधली स्तोत्रं उघडून बघ, कितीतरी ठिकाणी तक्रारच आहे. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी "पण देवा तू चांगला आहेस" वगैरे काही नाही, आणि चर्चने ते लपवून ठेवलेलं नाही, दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत जगभरचे फादर-सिस्टर तेच म्हणतात. येशूने तरी काय केलं, पकडला जायच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून विनवलं, प्याला टळला नाही, आणि क्रुसावर "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हे 22 वं स्तोत्र म्हटलं. त्याचा विश्वास कमी पडला म्हणायचं का मग? तू ओठ हलवण्यापेक्षा तो राग सरळ सांग ना त्याला, आईसमोर नको, बाथरूमचं दार लावून सांग हवं तर. आणि राग आलाय म्हणून कम्युनियन चुकवायचं कारण मला तरी दिसत नाही, फारच खात असेल तर फादरांकडे कन्फेशनला (पापकबुलीला) जा आणि तिथे हेच बोल.

आता फादरांचं. "अर्पण कर" ही गोष्ट चुकीची नाही, पण ती ज्याचं दुःख आहे त्याने स्वतःहून करायची असते, दुसऱ्याने दारात उभं राहून सांगायची नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांना 1981 मध्ये गोळ्या लागल्या, त्यानंतर 1984 मध्ये त्यांनी दुःखावर मोठं पत्र लिहिलं, त्यात हे अर्पण करणं आहेच, पण शेवटाकडे रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घेतलीय, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाजवळ थांबायचं आणि हात लावायचा. फादर डेमियन बघ, 1873 ला हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत राहायला गेले, जखमा बांधल्या, शवपेट्या केल्या, खड्डे खणले, तोच रोग होऊन 1889 ला तिथेच वारले. बायबलमधल्या इब्री लोकांच्या पत्रात येशूला महायाजक (मुख्य पुरोहित) म्हटलंय ते पण आपल्या दुर्बळपणाची कणव असलेला, मोठ्याने रडून प्रार्थना करणारा म्हणून.

आणि एक सांगू, याजकपण फक्त फादरांचं नाही. बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांचा त्यात वाटा आहे, पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे आणि जगभरच्या बिशपांच्या व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने 1964 मध्ये परत स्पष्ट लिहिलं. फादरांचं काम वेगळं, वेदीवरचं, ते तू करू शकत नाहीस. पण दर दोन तासांनी आईला कूस बदलून देतेस, पाठ पुसून पावडर लावतेस, घसरलेली माळ परत तिच्या हातात देतेस, तिच्यासाठी देवासमोर उभं राहणं ते हेच, तुला त्या वेळी भक्तिभाव वाटतोय की कंटाळा आलाय त्याने फरक पडत नाही.

फादरांवर रुसून बसू नकोस, त्यांना फोन कर आणि सांग की फादर, काही समजावू नका, आईला आजाऱ्यांच्या विधीचं पवित्र तेल लावायला या आणि थोडं बसा. आपल्याकडे अजून तेल म्हटलं की लोक घाबरतात, शेवटचं आलं म्हणून, पण 1972 ला तो विधी बदलला, तो आजाऱ्यांसाठी आहे, मरायला टेकलेल्यांसाठीच नाही, आणि तब्येत आणखी बिघडली तर परत घेता येतो.

आता राहिली तू. पत्रात एका ओळीत लिहिलंस की दोन वर्षं रात्रभर झोपलेली नाहीस, आणि भाऊ रविवारी येऊन जातो. हे मला सगळ्यात जास्त लागलं. बायबलमधला एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मला मरण दे म्हणाला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश नाही केला, भाकर-पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. तुझी प्रार्थना होत नाही याच्यात विश्वास किती आणि जागरण किती ते झोप झाल्यावर बघू. भावाला आठवड्यातल्या दोन रात्री पक्क्या दे, विचारू नकोस, सांग. तरी झोप लागली नाही, सारखं रडू येत राहिलं, तर डॉक्टरकडे जा, त्यात देवाचा अपमान नाही.

आणि शुक्रवारच्या बायकांना येऊ दे, पण अट घाल, पापाचा विषय काढायचा नाही, एकच रोझरी म्हणायची, आणि त्यातल्या दोघींनी नंतर तासभर आईजवळ बसायचं, तू आतल्या खोलीत झोपणार. जिला जमणार नाही तिने डबा पाठवला तरी चालेल.

— मावशी