सोन्याची पट्टी आणि टँकरचं पाणी

प्रश्न : आमची सोसायटी सिंहगड रोडला, पाणी टँकरचं. जानेवारी २०२५ मध्ये इकडे जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, म्हणजे दूषित पाण्यातल्या जंतूंच्या संसर्गानंतर होऊ शकणारा नसांचा आजार) रुग्ण निघाले तेव्हापासून सगळे धास्तावलेत. नॅनोकणांच्या (अतिसूक्ष्म कणांच्या) पट्टीवर पाण्यातले जंतू पंधरा मिनिटांत कळतात म्हणे. घ्याव्यात का?
– एक सेक्रेटरी, पुणे

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, पट्टी थापेबाजी नाही. गर्भचाचणीच्या पट्टीवरची लाल रेघ बहुधा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. इतकं बारीक सोनं लालच दिसतं. कणांवर ठरावीक जंतूला धरणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बसवतात. जंतू असला की कण रेघेवर अडकतात, रंग चढतो. पण साध्या पट्टीला त्यासाठी मिलिलिटरमागे हजारो, कधी लाखभर जंतू लागतात. आणि भारतीय मानक म्हणतं, १०० मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारा जंतू, आढळताच कामा नये. तेव्हा पट्टीवर रेघ उमटली नाही म्हणून विसंबू नका. शिवाय मेलेले जंतूही ती दाखवते, म्हणजे क्लोरीन टाकूनही घबराट! नमुन्यातले जंतू आधी वाढवून घेतले तर पट्टी कामाची, पण त्यात तास न् तास जातात. तूर्त टँकर आला की उरलेलं क्लोरीन तपासा, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. नमुना प्रयोगशाळेत द्या. आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण? मी पाहिलेली बहुतेक विटेच्या भरवशावर असतात.